जामीन राहावे की राहू नये?

वाचन : नीतिसूत्रे ६:१-५ व १७:१७-१८, बेनसिरा २९:१४-२०



मृग जवळ आला की आपल्या भागात बी-बियाणे आणि खतांबरोबर आणखी एकाची शोधाशोध सुरू होते, जामीनदाराची. पतसंस्थेचे कर्ज असो, ट्रॅक्टर असो, मुलीचे लग्न असो की मुलाच्या नर्सिंग कॉलेजची फी असो, अर्जाच्या शेवटच्या पानावर दुसऱ्या कोणाची तरी सही लागते. मग साडू साडूकडे जातो, पुतण्या चुलत्याकडे जातो, आणि दोघेही अडचणीत पडतात. मागणाऱ्याला मागताना लाज वाटते, देणाऱ्याला नाही म्हणताना. मिस्सा संपल्यावर चर्चच्या ओट्यावर "फादर, सही करू का नको?" हा प्रश्न आम्हाला दरवर्षी ऐकू येतो. विचारणारा बहुधा एकटाच बाजूला थांबलेला असतो. घरी अजून त्याने काही सांगितलेले नसते.

नीतिसूत्रांच्या पुस्तकाचा आपण जो अभ्यास करीत आहोत त्यात या प्रश्नाला सरळ उत्तर आहे असे वाटते. जामीन राहण्याविषयी हे पुस्तक एकदा नव्हे, पाच-सहा वेळा बोलते आणि दर वेळी सावध करते. सहाव्या अध्यायात बाप मुलाला सांगतो की शेजाऱ्यासाठी तू शब्द देऊन बसला असशील तर तू स्वतःच्याच तोंडाने फासात अडकलास. अकराव्या अध्यायात परक्याला जामीन राहणाऱ्याचे हाल सांगितले आहेत. सतराव्यात अशा माणसाला अक्कल नाही असे स्पष्ट म्हटले आहे. बाविसाव्या अध्यायातले चित्र तर फार बोचरे आहे : फेडायला काही नसले तर तुझ्या अंगाखालचे अंथरूणसुद्धा काढून नेतील (२२:२७). आपली म्हण अंथरूण पाहून पाय पसरायला सांगते. इथे पाय दुसऱ्याने पसरलेले असतात आणि अंथरूण आपले जाते.

मूळ हिब्रू भाषेत जामीन राहण्याला 'हात मारणे' असा शब्दप्रयोग आहे. आपल्या बैलबाजारात रुमालाखाली बोटे धरून सौदा ठरतो, तसाच तो व्यवहार. कागद नव्हता, स्टॅम्प नव्हता; चारचौघांसमोर हातावर हात मारला की माणूस बांधला गेला. एका क्षणाची गोष्ट, आणि शलमोनाच्या पुस्तकाला भीती वाटते ती त्याच क्षणाची. त्या क्षणी माणूस विचार करीत नाही. त्याला फक्त चारचौघांत मोठेपणा वाटत असतो.

आता अडचण पाहा. ही वचने हातात घेऊन दोन प्रकारची माणसे आमच्याकडे येतात. पहिला म्हणतो, "फादर, बायबलमध्येच लिहिलंय, जामीन राहू नको. म्हणून मी सख्ख्या भावालासुद्धा नाही म्हणून सांगितलं." त्याच्याजवळ दोन विहिरी आहेत आणि भावाची मुलगी दवाखान्यात आहे. दुसरा म्हणतो, "प्रभू येशूने सांगितले आहे की उसने मागणाऱ्याकडे पाठ फिरवू नको (मत्तय ५:४२), मग मी नाही कसा म्हणू?" त्याने आतापर्यंत चार जणांसाठी सह्या केल्या आहेत आणि त्याच्या बायकोला त्यातली एकही माहीत नाही. दोघांकडेही वचन आहे. दोघेही ते चुकीच्या ठिकाणी लावीत आहेत.

म्हणून आधी नीतिसूत्र म्हणजे काय हे नीट समजून घेतले पाहिजे. नीतिसूत्र ही आज्ञा नव्हे. सीनाय पर्वतावर मिळालेली 'चोरी करू नको' ही आज्ञा सोमवारी खरी आणि मंगळवारी खोटी होत नाही. नीतिसूत्राचे तसे नाही. त्याला वेळ पाहावी लागते, माणूस पाहावा लागतो. याचा पुरावा त्याच पुस्तकात आहे. सव्विसाव्या अध्यायाचे चौथे वचन म्हणते की मूर्खाला त्याच्या मूर्खपणासारखे उत्तर देऊ नको. लगेच पाचवे वचन म्हणते की दे! संकलन करणाऱ्याची ही नजरचूक नाही. त्याने ती दोन्ही वचने मुद्दाम शेजारी ठेवली, म्हणजे वाचणाऱ्याने थांबावे आणि माझ्यासमोरचा मूर्ख कोणत्या जातीचा आहे हे आधी पाहावे. आपल्याकडेही 'शुभस्य शीघ्रम्' आहे आणि घाटाच्या वळणावरच्या पाटीवर 'अति घाई संकटात नेई' हेही आहे. साखरपुड्याला कोणती म्हण वापरायची आणि मोटारसायकलवर कोणती, हे कोणी शिकवावे लागत नाही. आल्फ्रेड मॅनवेअरिंग नावाच्या एका अँग्लिकन मिशनऱ्याने मराठी म्हणींचा मोठा संग्रह १८९९ साली ऑक्सफर्डहून प्रसिद्ध केला होता. असा कोणताही संग्रह चाळला की एकमेकींशी भांडणाऱ्या म्हणी सापडतात. म्हणी खोट्या नसतात. जगणेच एका सुरात चालत नाही.

सव्विसाव्या अध्यायाचे नववे वचन तर आपण सर्वांनी, विशेषतः प्रवचन करणाऱ्यांनी, लक्षात ठेवण्यासारखे आहे. मूर्खाच्या तोंडी नीतिसूत्र म्हणजे दारुड्याच्या हाती काटेरी फांदी, असे ते सांगते. काटा खराच असतो, पण तो कोणाला लागेल याचा नेम नसतो.

संत थॉमस अक्वायनस यांनी विवेकाला सद्गुणांमध्ये मोठे स्थान दिले आहे. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना त्यावर आमचे पुष्कळ तास गेले, पण त्यातली कामाची गोष्ट थोडक्यात सांगता येते. चांगले काय हे माहीत असणे पुरेसे नाही; या माणसाच्या बाबतीत, या दिवशी, माझ्या हातून चांगले कसे होईल हे ओळखणे म्हणजे विवेक. भित्रेपणाला विवेक समजू नये. अंगावर काही न घेणारा माणूस विवेकी असतोच असे नाही.

आता सतराव्या अध्यायातील दोन वचने एकापाठोपाठ वाचा. सतरावे वचन म्हणते की खरा मित्र सर्व काळी प्रेम करतो आणि भाऊ जन्मतो तो संकटासाठीच. लगेच अठरावे वचन म्हणते की शेजाऱ्यासाठी हातावर हात मारून जामीन राहणाऱ्याला अक्कल नसते. पहिले वचन वाचून डोळ्यांत पाणी येते, दुसरे वाचून खिशातले पेन परत आत जाते. पवित्र आत्म्याने ही दोन्ही वचने एकाच पानावर आपल्या हाती दिली आहेत. म्हणजे भावाच्या संकटाला धावून जाणे आणि सही करणे या एकच गोष्टी नाहीत. धावून जाण्याचे अनेक मार्ग आहेत, सही हा त्यांतला एक, आणि बऱ्याचदा सर्वांत वाईट.

या शिकवणुकीची दुसरी बाजू बेनसिराच्या पुस्तकात आहे. आपले बरेच नातेवाईक प्रोटेस्टंट मंडळीत आहेत आणि त्यांच्या पवित्र शास्त्राच्या प्रतीत हे पुस्तक सापडत नाही. त्यामुळे वाद घालण्याऐवजी आपली प्रत त्यांना वाचायला द्यावी. नीतिसूत्रांनंतर काही शतकांनी, ख्रिस्ताच्या जन्मापूर्वी सुमारे दोनशे वर्षे, यरुशलेमच्या या शिक्षकाने तोच प्रश्न पुन्हा हाती घेतला. तो म्हणतो की सज्जन माणूस शेजाऱ्याला जामीन राहतो (२९:१४). त्याच दमात तो सांगतो की जामीनकीने कितीतरी खाऊन-पिऊन सुखी घरे बुडवली (२९:१८). आणि शेवटी : ऐपतीप्रमाणे शेजाऱ्याला मदत कर, पण स्वतः पडू नकोस (२९:२०). आठव्या अध्यायात तर त्याने मापच दिले आहे. ऐपतीबाहेर जामीन राहू नको, आणि राहिलास तर ते कर्ज तुलाच फेडायचे आहे असे समजून चाल (८:१३).

हे माप आम्हाला फार उपयोगी वाटते. सही करण्यापूर्वी इतकेच विचारायचे की ही सर्व रक्कम उद्या मला भरावी लागली तर माझ्या घराचे काय होईल? घर चालू राहणार असेल आणि भाऊ खरोखर गरजू असेल तर सही करावी, आणि रक्कम गेली तर ती देवाला उसनी दिली असे समजावे (नीतिसूत्रे १९:१७). घर मोडणार असेल तर सही करू नये. समोरचा माणूस कितीही प्रामाणिक असला तरी करू नये. कारण इथे आपला एक गैरसमज असतो. आपण म्हणतो, "तो माणूस शब्दाचा पक्का आहे, मी त्याच्या शब्दाला जामीन आहे." खरे तर आपण पावसाला जामीन राहत असतो. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. पोटच्या पोरासारखी वाढवलेली झाडे शेतकऱ्यांनी स्वतःच्या हाताने तोडली. त्या बागांचे मालक लबाड नव्हते. त्यांचे हप्ते थकले ते विहीर आटली म्हणून. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात मिरचीचा भाव एका आठवड्यात कसा खाली येतो हे आपल्याला माहीत आहे. भाव पडला म्हणजे मिरची पिकवणारा बेइमान झाला असे नव्हे. उद्याच्या दिवसाची बढाई मारू नको, असे नीतिसूत्रे म्हणते (२७:१). सही ही एक प्रकारे उद्याची बढाईच आहे.

पवित्र शास्त्रातील सर्वांत मोठी जामीनकी मात्र नीतिसूत्रांत नाही, उत्पत्तीच्या पुस्तकात आहे, आणि तीही दुष्काळातलीच. मिसर देशातून धान्य आणायचे तर धाकट्या बन्यामीनला बरोबर न्यावे लागणार होते, आणि म्हातारा याकोब त्याला सोडायला तयार नव्हता. थोरला रऊबेन पुढे आला. बन्यामीनला परत आणले नाही तर माझ्या दोन मुलांना मारून टाका, असे तो म्हणाला (४२:३७). ऐकायला हे फार मोठे वाटते. पण पाहा, रऊबेनने गहाण काय ठेवले? स्वतःचे काहीच नाही. पोरांचा जीव ठेवला. याकोबाने ती जामीनकी घेतली नाही. पुढे धान्य संपले तेव्हा यहुदा बोलला. मुलासाठी मी स्वतः जामीन, माझ्या हातून त्याला मागून घ्या, असे त्याने सांगितले (४३:९). याकोबाने मुलगा दिला. आणि मिसरमध्ये बन्यामीनवर संकट आले तेव्हा यहुदा शब्दाला जागला. याच्याऐवजी मी गुलाम होऊन राहतो, असे तो अधिकाऱ्यासमोर उभा राहून म्हणाला (४४:३३). एकेकाळी योसेफाला विकण्याची युक्ती काढणारा हाच तो यहुदा. त्याच्या वंशात आपला प्रभू जन्माला आला, आणि इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात प्रभूला अधिक चांगल्या कराराचा जामीन म्हटले आहे (७:२२). आपले देणे त्याने स्वतःच्या देहाने फेडले. म्हणून जामीन हा शब्द ख्रिस्ती माणसाला निव्वळ बँकेचा शब्द राहत नाही.

आपल्या गावातील सह्यांकडे आता या दोन भावांच्या बाजूने पाहावे. बायकोला न विचारता जो दोन लाखांच्या कागदावर सही करतो, तो स्वतःला यहुदा समजतो, पण तो रऊबेन असतो. उद्या वसुली आली तर मोडणार आहेत ती तिची मण्याची पोत आणि थांबणार आहे ते पोरांचे शिक्षण. चारचौघांत मोठेपणा त्याचा आणि गहाण मात्र लेकरे. नीतिसूत्रांच्या शेवटच्या अध्यायातील स्त्री स्वतः शेत पाहते, पारखते आणि विकत घेते (३१:१६), आणि तिच्या नवऱ्याचा तिच्यावर पूर्ण भरवसा असतो (३१:११). मदर्स डेला हा अध्याय आपण मोठ्या कौतुकाने वाचतो. सहीचा कागद घरी आला की तो त्याच स्त्रीपुढे ठेवावा.

कायद्याची एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे, कारण तिच्या अज्ञानातून मोठे नुकसान होते. आपल्याकडे अनेकांना वाटते की जामीनदार म्हणजे साक्षीदार. कर्जदार पळालाच तर त्याला शोधून द्यायचे, एवढेच काम. तसे नाही. भारतीय करार अधिनियम १८७२, कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे काही लिहिलेले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराकडून वसूल करा आणि मगच माझ्याकडे या, असे जामीनदाराला सहसा म्हणता येत नाही. आपण भरलेली रक्कम कर्जदाराकडून मागण्याचा हक्क आपल्याला आहे (कलम १४५), पण ज्याच्याकडून बँकेला मिळाली नाही त्याच्याकडून आपल्याला मिळेल का, हा प्रश्न उरतोच. शिवाय ते कर्ज आपल्या नावावरही दिसते; उद्या आपल्याला स्वतःसाठी कर्ज हवे असेल तेव्हा अडते.

आपल्या भगिनींच्या बाबतीत हाच व्यवहार दुसऱ्या रूपात येतो. गटाचे कर्ज घेताना 'जामीन' हा शब्द कोणी उच्चारत नाही, पण गटातील एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्यांनी भरायचा असतो, म्हणजे प्रत्येकजण इतर सर्वांची जामीन असते. गटाने पुष्कळ घरे उभी केली आहेत, ते आम्ही नाकारीत नाही. पण एका आठवड्यात तीन-तीन गटांचे हप्ते असतील तर थांबून हिशेब करावा. सूक्ष्म कर्जांबाबत रिझर्व्ह बँकेचे नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. सर्व कर्जांचे हप्ते मिळून कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त नसावेत, अशी त्यांत मर्यादा आहे. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही, धमकी किंवा शिवीगाळ करता येत नाही. सावकाराने गहाण वस्तू आणायला कर्जदाराच्या घरात शिरू नये, बाहेर उभे राहावे, असे अनुवादाच्या पुस्तकात फार पूर्वीच लिहिले आहे (२४:१०-११). रिझर्व्ह बँकेने ते वाचले असेल असे नाही, पण रोख तोच आहे. आणि खासगी सावकाराकडून घेत असाल तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमाप्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा आहे, हे ध्यानात असू द्या.

मग सही नाकारली तर भावाला रिकाम्या हाताने पाठवायचे काय? नाही. हाती असताना उद्या ये म्हणू नको, असे नीतिसूत्रेच सांगते (३:२७-२८). दोन लाखांची सही झेपत नसेल तर पाच हजार रुपये हातात द्यावेत, परत मागू नयेत. पेरणीला बैलजोडी द्यावी. दवाखान्यात दोन रात्री बसावे. बँकेत त्याच्याबरोबर जाऊन अर्ज नीट भरून द्यावा. एकाची ऐपत नसेल तर चार भावांनी थोडेथोडे वाटून घ्यावे. ख्रिस्तसभेने हा मार्ग पूर्वीपासून दाखवला आहे. इटलीत पेरुजा येथे १४६२ साली फ्रान्सिस्कन मठवासीयांनी गरिबांना सावकाराच्या दारात जावे लागू नये म्हणून गहाणावर कर्ज देणारा निधी काढला. अशा निधींना १५१५ साली लॅटरन परिषदेने मान्यता दिली. रांचीकडे जेझुइट फादर हॉफमन यांनी १९०९ साली आदिवासी बांधवांसाठी सहकारी पतसंस्था सुरू केली. आपल्या महाराष्ट्रात वसईला मोन्सेनियर पी. जे. मोनिस यांच्या पुढाकाराने १९१८ साली पतसंस्था उभी राहिली, तीच आजची बॅसीन कॅथोलिक बँक. या सर्वांनी एकच केले. एका माणसाच्या पाठीवर पडणारे ओझे अनेकांनी वाटून घेतले.

कर्ज घेणाऱ्यालाही बेनसिरा सोडत नाही, आणि हे आम्ही मुद्दाम लिहीत आहोत. जामीनदाराचे उपकार विसरू नको, त्याने तुझ्यासाठी आपला जीव दिला आहे, असे तो म्हणतो (२९:१५). पैसे मिळेपर्यंत हाताचे मुके घेणारा आणि फेडायच्या वेळी तोंड चुकवणारा माणूस त्याने नीट पाहिलेला दिसतो (२९:५). आपल्या साहेबांचा फोन आला की उचलायचा नाही, जामीनदार समोरून आला की गल्ली बदलायची, आणि त्याच वर्षी मुलाच्या लग्नात डीजे लावायचा, हे पाप आहे. पापनिवेदनात ते सांगितले पाहिजे आणि हप्ता भरला पाहिजे. नुसते सांगून भागत नाही. खरोखर हातात काही नसेल तर निदान जामीनदाराच्या घरी स्वतः जाऊन तसे सांगावे. ओनेसिमचे देणे माझ्या नावावर मांड, मी फेडीन, असे संत पौलाने फिलेमोनला स्वतःच्या हाताने लिहिले (वचने १८-१९). आणि ओनेसिम मागच्या दाराने पळाला नाही. ज्याचे देणे होते त्याच्याच घरी तो परत गेला.

शेवटी ज्यांची सही आधीच होऊन गेली आहे आणि रात्री झोप लागत नाही, त्यांच्यासाठी. नीतिसूत्रांचा सहावा अध्याय तुम्हाला दोष देत बसत नाही. तो म्हणतो, ऊठ, जा, शेजाऱ्याच्या मागे लाग, लाज बाजूला ठेव, डोळ्याला डोळा लागू देऊ नको, शिकाऱ्याच्या हातून हरिण निसटते तसा निसट. म्हणजे घरात सांगा, आजच सांगा. कर्जाच्या कागदांची प्रत बँकेकडून मागून घ्या आणि आपण नेमके कशावर सही केली ते वाचा. काही हमी एका कर्जापुरत्या असतात, काही पुढच्या कर्जांनाही लागू होतात, आणि पुढच्या व्यवहारांपुरती हमी लेखी कळवून मागे घेता येते (कलम १३०). आधी दिलेल्या रकमेची जबाबदारी मात्र राहते. कर्जदाराला घेऊन शाखेत जा. पहिला हप्ता थकला असतानाच गेलात तर हप्ते लांबवून मिळण्याची शक्यता असते, जप्तीची नोटीस आल्यावर ती फार कमी होते. कागद वाचता येत नसतील तर रविवारी मिस्सेनंतर ते घेऊन या. आम्ही ओट्यावर बसलेले असतो, आणि वाचून दाखवायला वेळ लागत नाही.